मोठ्या अक्षरांचं गिऱ्हाईक

२४ फेब्रुवारी, मंगळवार

सर्व्हर आज दोनदा आपोआप बंद पडला. पहिल्यांदा साडेअकराला, एका मुलीचं प्रोजेक्ट निघत असताना. दुसऱ्यांदा दुपारी, दुकानात कोणी नसताना. आतून टक टक आवाज येतो, भिंतीवरच्या घड्याळापेक्षा जरा घाईचा.

शिरवण्यातलं आमचं दुकान म्हणजे एक गाळा, तीन प्रिंटर, काउंटरवर दोन कॉम्प्युटर आणि कोपऱ्यात हा सर्व्हर. त्याला स्वतःचा पडदासुद्धा नाही, नुसता काळा डबा. हे त्याला पोस्टमास्तर म्हणायचे. काउंटरवरून सोडलेला प्रत्येक कागद आधी त्याच्याकडे जातो. मग कोणत्या प्रिंटरवर, कसल्या कागदावर, एका बाजूने की दोन्ही, ते तो बघतो. तो बंद पडला की तिन्ही प्रिंटर नुसते दिवे लावून बसतात.

हे गेले त्याला आठ महिने झाले. दुकान यांचं आणि कासिमभाईंचं होतं, आता माझं आणि कासिमभाईंचं आहे. मी आधी फक्त बाइंडिंगला बसायची, आता काउंटरही बघते. ही वहीसुद्धा यांनीच बांधलेली, खराब निघालेल्या कागदांची. एका बाजूला कोणाच्या तरी लॅबचे आकडे, दुसऱ्या बाजूला मी.

कासिमभाईंना म्हटलं, सर्व्हर कोणाला तरी दाखवा. त्यांचा रोजा होता, ओठ सुकलेले. "गरम झाला असंल, वैनी," म्हणाले, आणि स्वतःच्या पाठीवरचा टेबल फॅन फिरवून सर्व्हरकडे लावला. संध्याकाळपर्यंत घामाने निथळत होते. जुन्या मशीनला किंमत येते म्हणून जपत असतील.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

कासिमभाईंची मुलगी नबीला ऐरोलीला एका कंपनीत कॉम्प्युटर सांभाळते. कामावरून घरी जाताना दुकानात डोकावली. सर्व्हरला कान लावला आणि म्हणाली, "काकी, याची डिस्क जाणार. आठवडा काढेल नाहीतर महिना. त्याआधी बॅकअप घ्यायला पाहिजे."

मी म्हटलं, मला कळेल असं सांग.

"दोन प्रकार आहेत. एक नुसत्या सेटिंगचा, म्हणजे घर बदलताना सामानाची यादी लिहून घेतो ना, तसा. दुसरा पूर्ण सिस्टिमचा, म्हणजे अख्खं घरच उचलायचं. दोन्ही घेऊन ठेवायचे. नवीन मशीन आणलं की त्यात रिस्टोअर करायचं, म्हणजे जसं होतं तसं परत लावायचं."

मला पटलं. कासिमभाई मात्र कात्रीने स्टिकर कापत होते ते तसेच कापत राहिले. "काय नको. चालतंय ना? हात लावला की जास्त बिगडतं."

"अब्बू, बॅकअप म्हणजे ऑपरेशन नाही. फोटो काढण्यासारखं आहे."

"आजारी मानसाचा फोटो काढाया कोन आला की घरात सगल्यांना समजतं, कशाला आलाय."

नबीलाने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. काही कळलं नाही. इतका शिकलेला माणूस असा बोलतो तेव्हा त्याचं मन कामात नाही असंच म्हणायचं.

५ मार्च, गुरुवार

आज काउंटरवर नवीन गिऱ्हाईक होतं. मी कासिमभाईंना ओरडून सांगितलं, "हे गिरजाबाईला द्या, ते सदूला." तो पोरगा दुकानात बघायला लागला, गिरजाबाई कुठे बसल्यात म्हणून.

ही यांची करामत. सर्व्हरवर प्रत्येक सेटिंगला नाव द्यावं लागतं. लोक 'प्रिंटर एक', 'प्रिंटर दोन' देतात. यांनी माणसांची नावं दिली, आणि तीही मराठीत. गिरजाबाई म्हणजे माझ्या सासूबाई: जाड कागद, सावकाश, घाई केली की अडकणार. सदू हे यांचे काका, चहात साखर मोजून घालायचे: फिकट शाई. सोनम ही पुतणी, लहानपणी भिंती रंगवायची: रंगीत. अभय हा यांच्या जुन्या प्रेसमधला दोस्त, कोणालाही चिकटायचा: स्टिकर. बाबासो हे आमच्या विहाराचे सेक्रेटरी, पाठीतून वाकलेले: मधोमध घडी घालायची पुस्तिका. आमची संघमित्रा होस्टेलला गेल्यापासून जरा अंतर राखून असते: सर्टिफिकेट, चारी बाजूंना मोठा समास. आणि कासिम म्हणजे दोन्ही बाजूंनी छपाई. "तो दोन्ही बाजूंनी बोलतो," हे म्हणायचे. कासिमभाई म्हणायचे, "आनि हा एका बाजूने पन बोलत नाय."

जेवताना यांच्या तोंडी हीच नावं. आज गिरजाबाईंनी तीनदा कागद अडकवला, आज सदूने पुसटच छापलं. मला सगळ्यांचे स्वभाव पाठ आहेत.

एकदा मी विचारलं होतं, माझ्या नावाचं काही नाही? तर म्हणाले, "दुकानात तुझं नाव घेऊन कागद सोडायला लागलो तर कासिम हसेल." मग ते भात कालवायला लागले. मीही विषय सोडला. पण सात नावांत आपलं नाही हे लक्षात राहिलं, खोटं कशाला लिहू.

१२ मार्च, गुरुवार

संघमित्राचा पुण्याहून फोन. "आई, किती दिवस कागद मोजत बसणार? कासिमकाकांना सांग, तुझा हिस्सा त्यांनी घ्यावा. इकडे ये, माझ्या घरात एक खोली रिकामीच आहे." बघते म्हटलं.

तिकडे गेले तर वाचायला काय मिळेल, हा विचार आधी आला. मी शाळेत गेले दुसरीपर्यंत. पुढचं सगळं खराब कागदांवर शिकले. लग्न झालं तेव्हा हे तुर्भ्याच्या प्रेसमध्ये होते, संध्याकाळी वाया गेलेले कागद घेऊन यायचे, चूल पेटवायला. मी आधी वाचायची, मग पेटवायची. क ला काना का, म ला वेलांटी मी, असं बोटाने. कधी सुरुवात नाही, कधी शेवट नाही. जाहिरात, औषधाची माहिती, मध्येच एखाद्या गोष्टीचं पान.

पाच-सहा वर्षांपूर्वी डोळ्यांनी त्रास द्यायला सुरुवात केली. बारीक अक्षर दिसेना. नशीब असं की त्याच सुमारास दुकानाला एक गिऱ्हाईक मिळालं, मोठ्या अक्षरांत छापून घेणारं. कोणीतरी म्हातारं माणूस असणार, माझ्यासारखंच. त्याची पानं फार खराब व्हायची, रोज एखाददुसरं तरी. हे ती घरी आणायचे. छान ठळक अक्षर, गोष्ट एकाच बाजूला, आणि डावीकडे चार बोटं कोरी जागा. गिऱ्हाईक शहाणं होतं. कागद धरला की माझा अंगठा अक्षरांवर यायचा, त्याची मी कितीदा कुरकुर केली असेल. या पानांत ती अडचणच नव्हती. आणखी नशीब म्हणजे आज खराब झालेल्या पानाचं पुढचं पान बहुतेक उद्या खराब व्हायचं. त्यामुळे गोष्टी सलग वाचता आल्या.

शेवटची होती एका होडीवाल्याच्या बायकोची. नवरा माणसं सोडायला पैलतीरी जातो, इकडे भरती चढते, ती काठावर कंदील घेऊन उभी. पान एकसष्ट. त्यानंतर हे दवाखान्यात गेले.

आज आठवलं म्हणून कासिमभाईंना विचारलं, ते मोठ्या अक्षरांचं गिऱ्हाईक अलीकडे येत नाही का?

"कोन?"

"यांच्याकडे यायचं बघा, मोठ्या टायपात छापून घ्यायला."

"असा कोन नाय, वैनी. मोठ्या अक्षरांचा बॅनरवाला असतो, तो आपला नाय."

विसरलेत. दुकानातल्या रोजच्या गिऱ्हाइकाची आठवण राहत नाही इतकं लक्ष उडालंय.

२३ मार्च, सोमवार

ईद झाली. शमसुन्निसाभाभींनी शीरखुर्मा पाठवला, दोन डबे. एक माझा. दुसरा कासिमभाईंनी सर्व्हरशेजारच्या फळीवर ठेवला, जिथे हे डबा ठेवायचे तिथे. संध्याकाळी तोही मलाच दिला. सवयीने दोन भरले असतील भाभींनी.

बाबासो आले, खरेखुरे. जयंतीचं काम घेऊन. वंदनेच्या चारशे पुस्तिका, मुलांची सर्टिफिकेटं, जाड कागदावर निमंत्रणं, पाण्याच्या बाटल्यांना स्टिकर. सगळं बारा एप्रिलला हातात पाहिजे.

"रखमावैनी, जमंल न्हवं? न्हाईतर वाशीला टाकतो. धम्मपाल हुता तवा मी इचारत बी न्हवतो."

मी म्हटलं जमेल. कासिमभाईंनी सर्व्हरकडे बघितलं.

"आनि एक," बाबासो जाता जाता म्हणाले, "आपल्या विहाराच्या ग्रंथालयाचं एक पुस्तक धम्मपालच्या नावावर ऱ्हायलंय. वरीस व्हत आलं. घरात दिसलं तर बघा."

घरात पुस्तक नाही. आल्यावर कपाट, माळा सगळं बघितलं. हे कुठे पुस्तकं वाचायचे? घरी आले की रेडिओ. दुसऱ्या कोणाचं यांच्या नावावर लिहिलं असेल.

३० मार्च, सोमवार

आज मी बोलायला नको होतं ते बोलले.

सकाळपासून सर्व्हर पाच वेळा पडला. दर वेळी कासिमभाई उठायचे, डब्यावर हात ठेवायचे, पुटपुटायचे, "उठ रे, उठ," आणि बटण दाबायचे. पाचव्यांदा मला राहवलं नाही.

"कासिमभाई, नबीला महिन्यापूर्वी सांगून गेली. बॅकअप घेऊ देत नाही, नवीन मशीन आणू देत नाही. जयंतीचं काम अंगावर घेतलंय. तुम्हाला दुकान मोडायचंय का? हिस्सा काढून घ्यायचा असेल तर सरळ सांगा. मी पुण्याला जाते."

त्यांनी डब्यावरचा हात काढला.

मग म्हणाले, "वैनी, त्यात सगला त्यानी हातानी भरलेला हाय. एक एक नाव. ते काढून दुसरीकडं घातला, आनि नाय उठला तर? आता निदान आवाज तरी करतो."

मी म्हटलं, आवाज काय करायचाय, काम करायला पाहिजे.

त्यांनी शटरची किल्ली काउंटरवर ठेवली आणि गेले. नुसत्या नावांसाठी माणूस इतका अडून बसतो, मला काही समजत नाही. किल्ली मी पिशवीत ठेवली. जड लागली.

३१ मार्च, मंगळवार

कासिमभाई आले नाहीत. मीच शटर उघडलं. सर्व्हर चालू झाला नाही, तेव्हा आजूबाजूला कोणी नाही बघून मीही त्याच्यावर हात ठेवला आणि "उठा," म्हटलं. उठला.

१ एप्रिल, बुधवार

नबीला कामावर सुट्टी टाकून आली. "अब्बूंनी पाठवलंय. म्हणाले, वैनी बोलतात ते बरोबर हाय."

तिने लॅपटॉप जोडला, तीन तास बसली. आधी सेटिंगची फाइल पेन ड्राइव्हवर घेतली. मग पूर्ण सिस्टिम एका मोठ्या डिस्कवर. मध्ये दोनदा तो पडला, दोनदा तिने पहिल्यापासून सुरुवात केली. पोर चिवट आहे.

"झालं, काकी. आठही सेटिंग आल्या."

"सात," मी म्हटलं.

"आठ दाखवतंय."

मोजताना चुकली असेल. दमली होती, मी वाद घातला नाही. तिला कांदाभजी मागवली.

चारच्या सुमाराला कासिमभाई आले. मी किल्ली त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती खिशात टाकली आणि विचारलं, "चा झाला काय?" नाही म्हटलं. मग झाला.

४ एप्रिल, शनिवार

सर्व्हर गेला. सकाळी सव्वादहाला टक टक थांबलं. कासिमभाईंनी तीन वेळा बटण दाबलं, चौथ्यांदा नाही दाबलं. टेबल फॅन अजून त्याच्याकडेच तोंड करून होता. मी तो कासिमभाईंकडे फिरवला.

५ एप्रिल, रविवार

नवीन मशीन आलं. नबीलाने आधी मोठी डिस्क लावली, अख्खं घर उचलून आणायचं म्हणून. पडदा निळा झाला आणि तसाच राहिला. तीनदा. "जुनी सिस्टिम या नव्या मशीनवर उभी राहत नाही," म्हणाली.

कासिमभाई दाराकडे तोंड करून उभे होते. "मी बोललो व्हतो," एवढंच म्हणाले. घाई माझीच होती.

"अब्बू, यादी आहे ना," नबीला म्हणाली आणि पेन ड्राइव्ह लावला. पाच मिनिटांत तिन्ही प्रिंटरनी दिवे लावले. आम्ही तिघंही खाली वाकून पडद्यात बघत होतो. सेटिंग आल्या. पण नावं नाहीत. नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. वरपासून खालपर्यंत.

नबीलाने कपाळाला हात लावला. "मराठी नावं होती. त्या फाइलला मराठी कळत नाही. जे कळलं नाही त्या जागी तिने प्रश्नचिन्ह टाकलं. मी तपासायला पाहिजे होतं. सॉरी, काकी." जुन्यात बघावं तर जुना उठत नाही.

म्हणजे माणसं सगळी आली, पण कोण कोण ते माहीत नाही. निमंत्रणांचा जाड कागद चुकीच्या ठिकाणी सोडला तर प्रिंटर आतून बिघडू शकतो. एकेक सेटिंग उघडून वाचायला गेलं तर आत साठ-साठ ओळी इंग्रजीत, त्यात यांनी हाताने काय काय बदललेलं कोणालाच ठाऊक नाही. हातात सात दिवस.

६ एप्रिल, सोमवार

सकाळी मी यादीकडे बघत बसले. बघता बघता लक्षात आलं, प्रश्नचिन्हं सारखी नाहीत. एका ओळीत नऊ, एकीत आठ, मग सहा, पाच, चार, दोन ओळींत तीन-तीन, आणि शेवटी दोन.

"अक्षरं मोजा," मी कासिमभाईंना म्हटलं. "गि-र-जा-बा-ई. पाच. ही पाचवाली गिरजाबाई." आणि स-दू, दोन, म्हणजे शेवटचा सदू. मला फार हुशार वाटलं. पाचवाल्यावर जाड कागद सोडला. कागद आत गेला, उलटून परत आत गेला, आणि अडकला. कासिमभाईंनी झाकण उघडून चुरगळा बाहेर ओढला. दोन्ही बाजूंना शाई.

"ही गिरजाबाई नाय," ते म्हणाले. "हा मीच हाय."

पहिल्यांदा हसलो दोघं, कितीतरी महिन्यांनी.

मग मी कागदावर कासिम लिहिलं आणि जशी शिकले तशी बोटाने फोडून वाचलं. क, ला काना, स, ला वेलांटी, म. क एक, काना दोन, स तीन, वेलांटी चार, म पाच. मशीन माझ्यासारखंच शिकलेलं आहे. काना वेगळा मोजतं, मात्रा वेगळी. मग गिरजाबाई आठ. बाबासो सहा. संघमित्रा मला नऊ जुळेना, आठच येत होते. मग त्र चा पाय मोडलेला त सापडला. मोडलेला पायसुद्धा ते वेगळा मोजतं. नऊ.

चारवाल्याशी आले तेव्हा मी माझं नाव मोजलं, र, ख, म आणि काना. चार होतं. कासिमभाईंना काही बोलले नाही, नुसता एक कागद सोडला. लाल, हिरवा, निळा, सगळे रंग घेऊन आला. सोनम. बरोबरच आहे, तिचेही चारच.

तीन-तीनच्या दोघांत एक फिकट निघाला, दुसऱ्याने स्टिकरचा कागद मागितला. सदू आणि अभय.

सात झाले. दोनवाली ओळ उरली. आणि काना-मात्रा धरून दोनांत मावेल असं कोणी आम्हाला आठवेना. नबीला खरंच आठ म्हणाली होती.

७ एप्रिल, मंगळवार

सकाळी नबीलाचा फोन आला. "काउंटरच्या कॉम्प्युटरवर सातच जोडलेल्या होत्या, काकी. आठवी फक्त सर्व्हरवरच होती, बाकी कोणाला दिसायची नाही. ट्रायल म्हणून केलेली असेल. डिलीट करून टाका, आणि सगळ्यांना इंग्रजी नावं द्या, म्हणजे पुन्हा असं होणार नाही."

कासिमभाईंनी बाण त्या ओळीवर नेला. मी म्हटलं, थांबा, कोण आहे ते तर बघू. वंदनेच्या पुस्तिकेचं एक पान सोडलं.

मधल्या प्रिंटरमधून खरखर आली. खालच्या ट्रेमधून.

"हा ट्रे बंद हाय," कासिमभाई म्हणाले. "यात मी कधी कागद भरला नाय."

कागद बाहेर आला. मागची बाजू आधीच छापलेली, कोणाचं तरी जुनं बिल, त्यावर आडवी रेघ. पुढच्या बाजूला वंदना, दीडपट मोठ्या ठळक अक्षरांत. डावीकडे चार बोटं कोरी जागा.

मी तो कागद हातात धरला. अंगठा कोऱ्या जागेवर बसला.

कासिमभाईंनी खालचा ट्रे ओढला. आत शे-दीडशे खराब कागद, कोपऱ्याला कोपरा लावून रचलेले. यांचीच रचण्याची पद्धत. त्यांनी वरच्या कागदाचा कोपरा सरळ केला. मग म्हणाले, "मी घरी निघायचो तवा हा बोलायचा, तू जा, मी झाडून येतो. अर्धा तास. सहा वरसं. मी बोलायचो, एवढासा गाला, किती झाडतोस?"

टोनरचे रिकामे खोके ठेवतो त्या फळीवर त्यांनी हात घातला. मागे वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुस्तक. विहाराच्या ग्रंथालयाचा शिक्का. खूण म्हणून घातलेला स्टिकरचा तुकडा बासष्टाव्या पानावर. आतलं अक्षर इतकं बारीक की मला लागेना; पुस्तक परत फळीवरच ठेवलं.

मला ते गिऱ्हाईक आठवलं. इतकी वर्षं मी त्याला मनातून दुवा देत होते. यांच्यासमोर म्हणायचीसुद्धा, कोण आहे बाई, देव त्याचे डोळे सांभाळो. हे भात कालवत राहायचे.

कासिमभाईंनी विचारलं, "वैनी, हिचं नाव काय लिवू?"

आणि त्यांच्याच तोंडून निघालं. हिचं. घरात काय, दुकानात काय, यांनी माझं नाव कधी घेतलं नाही, जसं मी यांचं घेत नाही. पाहुणे विचारायचे, चहा कसा घेणार, तर हे म्हणायचे, ही सांगेल. पत्ता विचारला तरी, ही सांगेल. ह, आणि त्याला दीर्घ वेलांटी. दोन.

"मी लिहिते," म्हटलं.

बाकीची सात नावं कासिमभाईंनी इंग्रजीत भरली. आठवं मी मराठीत भरलं, एका बोटाने. माझे डोळे भरून आले होते म्हणून वेलांटी दोनदा चुकली. कासिमभाई फॅनकडे बघत होते.

१२ एप्रिल, रविवार

सगळं वेळेत गेलं. पुस्तिका, सर्टिफिकेटं, निमंत्रणं, स्टिकर. गिरजाबाईंनी एकदाच कागद अडकवला. पुस्तिकांतल्या पन्नास मी न विचारता मोठ्या अक्षरांत काढल्या, म्हाताऱ्यांसाठी. बाबासोंनी एक उघडून हातभर लांब धरली, मग जवळ आणली. "आयला, चष्म्याबिगर दिसतंय की." पुस्तक सापडलं म्हणून सांगितलं. द्या मग, म्हणाले. मी म्हटलं, वाचून देते. थोडं राहिलंय.

संघमित्राचा फोन आला. सध्या येत नाही म्हटलं. का, विचारलं तिने. दुकानात काम आहे, म्हटलं. खरंच आहे.

१५ एप्रिल, बुधवार

जयंती झाली. आज नबीला नव्या मशीनचा बॅकअप घ्यायला आली. यापुढे दर महिन्याला घ्यायचा असं ठरलंय. कासिमभाई स्वतः तिच्यासाठी खुर्ची पुसत होते.

"काकी, सात बरोबर आल्या. पण एक तुम्ही पुन्हा मराठीत ठेवलीय. बघा, परत दोन प्रश्नचिन्हं. मी सांगितलं होतं ना?"

मी चष्मा लावून बघितलं. दोन होती.

"बरोबर आहे," म्हटलं. "तशीच राहू दे."

तिने बापाकडे बघितलं. कासिमभाई म्हणाले, "काकी बोलतात ते बरोबर हाय."

शटर ओढायची वेळ झाली तेव्हा ते म्हणाले, "तुमी व्हा पुढं, वैनी. मी जरा झाडून येतो." मी चप्पल घालून पायरीवर थांबले. आतून मधल्या प्रिंटरची खरखर ऐकू आली. थोड्या वेळाने ते बाहेर आले, हातात एक कागद.

"ह्यो एक खराब निघाला. घरी न्या, चूल पेटवायला."

आमच्याकडे चूल नाही, गॅस आहे, तीस वर्षं. मी कागद उलटा करून बघितला नाही. घडी घालून पिशवीत ठेवला आणि म्हटलं, "रोज खराब करता हो तुम्ही कागद."

"उद्या पन व्हनार," कासिमभाई म्हणाले आणि कुलूप लावलं.